घर गेलं, आता दिवा लावावासा वाटत नाही

"घर गेलं तेव्हापासून देवापुढे हात जोडवत नाहीत. मला पाप लागेल का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी, पुरात किंवा दरडीखाली घर गमावलेली माणसं हे लगेच विचारत नाहीत. सुरुवात झोप येत नाही, पित्त उसळतं, इथून होते. हा प्रश्न बऱ्याच भेटींनंतर येतो.

चिपळूणच्या एका काकूंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा २००५च्या पुराची खूण धरून त्यांनी सामान माळ्यावर टाकलं होतं. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. मातीच्या जुन्या घराची मागची भिंत बसली. देवघर त्याच भिंतीला होतं. सासूबाईंनी सोपवलेले कुलदैवताचे चांदीचे टाक चिखल उपसूनही सापडले नाहीत.

"आईने पूजाच सोडली," ही मुलाची तक्रार. भाड्याच्या खोलीत त्याने नवा देव्हारा आणला, तर काकू त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. नातेवाईक समजूत घालत होते, की खंडित झालेले देव आपण वाहत्या पाण्यातच सोडतो, तसंच झालं म्हणायचं. त्यावर काकू उसळल्या, "मी सोडले नाहीत. पाण्याने नेले." असल्या समजुतीने बहुधा समजूत घालणाऱ्यालाच बरं वाटतं.

मी आधी देवाचा विषय काढलाच नाही. झोप, जेवण, पाऊस वाजू लागला की छाती धडधडते का, जगणं नकोसं वाटतं का, हे विचारलं. कशातच मन न लागणं हे नैराश्यही असू शकतं. त्यावर उपासतापास वाढवत बसलं की उपचार लांबतात. (जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.) झोपेसाठी काकूंना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, काही दिवस गोळ्या चालल्या. पण नातवाशी त्या हसून खेळत, बाजारात मासळीचा भाव पाडून घेत. मन सगळ्यातून उडालं नव्हतं. एका जागी राग होता आणि तो बोलून दाखवायची भीती.

पापपुण्याचा निवाडा माझ्याकडे नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "काकू, गावच्या देवळात गाऱ्हाणं कसं घालतात?" त्यांनी मानकऱ्यांच्या सुरात घडाघडा म्हणून दाखवलं. "आणि तुमचं कोण घालणार?"

खूप वेळाने त्या बोलल्या. माझ्याशी नाही. "इतकी वर्षं तुला न्हाऊमाखू घातलं, आणि तुला स्वतःलासुद्धा वाचवता आलं नाही?" मग रडल्या. मी मध्ये पडले नाही. ज्याच्याशी नातं संपलं, त्याच्याशी कुणी असं भांडत नाही, हे माझं मत. त्यांना ते तेव्हा सांगितलं नाही.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला आली, पुराला दोन महिनेही झाले नव्हते. गणपती दिरांकडे बसला. काकू आरतीला उभ्या राहिल्या नाहीत, पण स्वयंपाकघरात उकड काढून मोदक वळले. मुलाला हे विचित्र वाटलं. त्याला म्हटलं, असू दे, आईला आरतीला ये म्हणून ओढू नकोस. हात सवयीच्या कामाला आधी लागतात, मन मागाहून आलं तर येतं.

पुढच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्यांच्या भाड्याच्या दारात आली. काकूंनी स्वतः ओटी भरली आणि मानकऱ्यांकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. काय मागितलंत, मी विचारलं.

"मागायचं काय? आमचा पत्ता बदललाय, तेवढं कानावर घातलं."

संध्याकाळचा दिवा आता लागतो, कधी राहूनही जातो. टाक मात्र अजून केलेले नाहीत. मुलगा सोनाराकडे चल म्हणतो, काकू म्हणतात, आधी जोतं बांध.