मार्सेलिसजवळ फक्त लोकल लोकांना माहीत असलेली छोटी कलांक (उंच कड्यांमधली चिंचोळी खाडी) कोणती? ऑगस्टमध्ये जातोय, सोबत दोन लहान मुलं आहेत.

‘फक्त लोकलना माहीत’ असं आता तिथे काही उरलेलं नाही. ज्यांनी ‘सीक्रेट स्पॉट’ म्हणून फोटो टाकले त्यांनीच ते संपवलं. तुम्हाला बहुतेक सुजितों हवी असेल, म्हणजे लुमिनीच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसमागची.

भर उन्हाळ्यात तिथे रिझर्व्हेशन लागतं. फुकट आहे, पण दिवसाला 400 माणसंच. कलांक नॅशनल पार्कच्या साइटवरून काही दिवस आधी काढायचं आणि क्यूआर कोडबरोबर ओळखपत्र ठेवायचं. कोडशिवाय सापडलात तर 68 युरो दंड.

यावर ‘निसर्गाला कसला कोटा, सगळी सरकारी नाटकं’ असं कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. 2022 मध्ये हा कोटा येण्यापूर्वी गर्दीच्या दिवशी तिथे अडीच हजार लोक उतरायचे. चुनखडीवर मातीचा थर मुळात वीतभरही नाही. लोक वाट सोडून सावलीत बसायला पाइनच्या बुंध्याशी जातात, माती भुसभुशीत होते आणि पहिल्या जोरदार पावसात समुद्रात जाते. मग मुळं हाडांसारखी उघडी पडतात आणि झाड वाळतं. रोप तर रुजतच नाही, रुजायला माती कुठेय? हे ज्याला नाटक वाटतं त्याने ती मुळं जवळून बघावीत.

बी1 बसने लुमिनी, तिथून खिंडीपर्यंत रुंद वाट, मग उतार. खाली पोचायला पाऊण ते एक तास. शेवटचा टप्पा अवघड आहे. हजारो पायांनी कातळ पाट्यासारखा गुळगुळीत झालाय, कोरडा असतानाही पाय सटकतो. फ्लोटर्स, चपला नकोत, ग्रिपचे बूटच हवेत. माणशी दोन लिटर पाणी न्यायचं, कारण खाली नळ नाही आणि परतीचा चढ उन्हात आहे.

आदल्या संध्याकाळी वणव्याच्या धोक्याचा नकाशा बघा. लाल असेल तर रिझर्व्हेशन असूनही बंद. मिस्त्राल, म्हणजे उत्तरेकडचा जोरदार वारा, सुटल्यावर तर आग नसली तरी पोहायची मजा जाते. तो वारा वरचं कोमट पाणी आत समुद्रात ढकलतो, खालचं गार वर येतं, आणि 24 अंशांचं पाणी दोनेक दिवसांत 16 वर उतरतं. आकाश निळंशार, पाणी आरशासारखं स्वच्छ, आणि पाय घातला की कळ येते. ‘भूमध्य समुद्र कोमट असतो’ म्हणणाऱ्यांना हे कधी पटत नाही.

आणि हो, मुलं लहान आहेत म्हणालात. मग सुजितों सोडाच. पुळण चिमूटभर, बाकी खडक, त्यावर सागरी अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे समुद्रजीव. शहरातल्या पॉइंत रूजच्या किनाऱ्याला वाळू आहे, मुलांना तिथे न्या. मोठ्यांना संध्याकाळी मार्सेलिसकरांसारखं खडकावरून पोहायचं असेल तर जुन्या बंदरावरून 83 नंबरची बस पकडून मालमूस्कला उतरा.