वाचकांचे प्रश्न : मॉरिशसमध्ये भाड्याची गाडी

प्रश्न : माझी मुलगी व जावई नोकरीनिमित्त मॉरिशसमध्ये कात्र बोर्न येथे राहतात. येत्या सप्टेंबरमध्ये मी, माझे यजमान आणि आमच्याच गल्लीतील एक स्नेही दांपत्य आठवडाभरासाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. मुलगी-जावई कामावर असतील, म्हणून गाडी भाड्याने घ्यावी आणि यजमानांनी ती चालवावी, असे ठरत आहे. बेट लहान असल्याने किनाऱ्याकिनाऱ्याने एका दिवसात पूर्ण फेरी मारावी, असा स्नेह्यांचा आग्रह आहे. हे कितपत योग्य होईल?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : गाडी अवश्य घ्यावी, परंतु एका दिवसाची प्रदक्षिणा टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बेटाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ६५ किलोमीटरच आहे हे खरे. तथापि किनाऱ्याचा रस्ता बराचसा अरुंद, वळणावळणांचा आणि गावांमधून जाणारा आहे, शिवाय सप्टेंबरमध्ये तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. एवढी घाई केल्यास मागच्या सीटवर बसलेल्यांना समुद्र केवळ काचेतूनच दिसेल.

वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे यजमानांना सराव लवकर होईल. सप्टेंबरमध्ये तेथे ऊसतोडणीचा हंगाम भरात असतो आणि उसाने भरलेली वाहने वाटेत भेटतात. गळीत हंगामात चिकोडी रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यास त्याचे नवल वाटू नये. खरी काळजी घ्यावी लागते ती उभ्या उसाची. तो अनेक ठिकाणी थेट रस्त्याच्या कडेपर्यंत आलेला असतो आणि आडव्या रस्त्याने येणारे वाहन अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मोठ्या रस्त्यांवर सर्कल पुष्कळ आहेत व त्यात आधीच शिरलेल्या, म्हणजे आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनाला वाट द्यावी लागते.

माझ्या मते गाडी सातही दिवस नको, तीन-चार दिवस पुरे. राजधानी पोर्ट लुईला तर ती नेऊच नये. कात्र बोर्नहून मेट्रोने जावे आणि बंदराजवळचा आप्रवासी घाट निवांत पाहावा. १८३४ पासून भारतातून कराराने नेलेल्या मजुरांची पहिली पावले ज्या बंदरात पडली, ते हे स्थळ २००६ मध्ये जागतिक वारसा ठरले. त्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज तेथे आहेत आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. सीमाभागातून जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ठिकाण चुकवू नये, असे मला मनापासून वाटते.

गाडीचा खरा उपयोग नैर्ऋत्य भागात होईल. सकाळी गंगा तलाव, तेथून ब्लॅक रिव्हर दऱ्यांचे दृश्यस्थळ, मग शामारेलची सप्तरंगी माती आणि उतरून ल मोर्न डोंगराच्या पायथ्याचा किनारा, ही एकाच दिशेने जाणारी वाट आहे व दिवसभरात आरामात होते. गंगा तलाव उंचावर असल्याने तेथे ढग व गारवा असतो, म्हणून प्रत्येकाजवळ स्वेटर असावा. पूर्व किनाऱ्यावर त्या महिन्यात आग्नेयेकडून जोराचा वारा वाहतो; तिकडचा दिवस आधी ठरवू नये, हवा पाहून निघावे.

यजमानांनी आपल्या परवान्यासोबत चिकोडीच्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून घ्यावा. अनामत रक्कम बहुधा चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाते. स्नेह्यांपैकी कोणी अधूनमधून गाडी चालवणार असेल, तर त्यांचे नाव करारात नोंदवलेच पाहिजे, अन्यथा अपघात झाल्यास विमा नाकारला जाऊ शकतो. पेट्रोलची वाटणी कशी, कॅमेऱ्याने वेग टिपल्याचा दंड मागाहून आला तर तो कोणी भरावा आणि विम्याबाहेरचे नुकसान कोणाकडे, हे निपाणीतच बसून मोकळेपणाने बोलून घ्यावे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम व काच यांचे मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि आधीचा प्रत्येक ओरखडा करारपत्रावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.