बदकाच्या पिल्लाचा एक पंख बाहेर वळलाय, तो सरळ होईल का?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली पांढरी पिल्लं आता सहा आठवड्यांची झालीत, त्यातल्या एकाचा डावा पंख टोकाकडून बाहेर वळलाय, शेजारी म्हणतात पंख छाटा, आणि तुम्हाला एखादं औषध हवंय. औषध नाही. पण सहा आठवडे म्हणजे वेळ गेलेली नाही, उद्यावर मात्र टाकू नका.

डॉक्टर याला एंजल विंग म्हणतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लाला पंखाची मोठी पिसं फुटायला लागतात. पिल्लाला मांडीवर घेऊन पंख हलकेच उघडून बघा. पिसांच्या बुडाशी निळसर-जांभळ्या नळ्या दिसतील, त्या रक्ताने भरलेल्या असतात. एवढ्याशा पंखाला ते ओझंच. खाणं भारी असलं की अंग आणि पिसं भराभर वाढतात, पण मनगटाचा सांधा आणि त्याला धरून ठेवणारे स्नायू तेवढ्या वेगाने बळकट होत नाहीत. ओझ्याने मनगट खाली झुकतं, मग बाहेर पिळतं, आणि पुढे हाड त्याच आकारात पक्कं होतं. दोन्ही पंख वळू शकतात, पण एकच वळला तर तो बहुतेक डावाच असतो.

आधी खात्री करून घ्या. पंख नुसता खाली लोंबतोय, पण टोक अंगालगत आहे आणि पिल्लू मधूनमधून तो स्वतः उचलून घेतं, तर ते नव्या पिसांचं ओझं आहे, थोड्या दिवसांत सावरतं. पंखाला सूज आहे, हात लावला की पिल्लू ओरडतं, किंवा हे सगळं एका रात्रीत झालंय, तर हाड मोडलेलं असू शकतं. तिथे घरचा उपाय नको, सरळ जनावरांचा दवाखाना गाठा. एंजल विंग दुखत नाही. नीट न मिटलेल्या छत्रीसारखी पंखाच्या टोकाची पिसं अंगापासून बाहेर फाकलेली दिसतात, बस. हाताने पंख मिटून बघा. सहज मिटला तर पट्टीचा उपयोग होईल. सांधा हलतच नसेल तर पट्टीने काही होत नाही.

पट्टी बांधायला दोघं लागतात. एकाने पिल्लू टॉवेलात धरायचं, दुसऱ्याने पंख नेहमी मिटतो तसा मिटायचा, टोकाची पिसं आतल्या पिसांच्या खाली सरकवून. पिसांना न चिकटणारी, स्वतःलाच चिकटणारी बँडेज पट्टी मिळते, ती त्या मिटलेल्या पंखाभोवती गुंडाळायची. साधी चिकटपट्टी नको, काढताना पिसं उपटून येतात. पट्टीखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. बऱ्याच व्हिडिओंत पट्टी छातीभोवतीही फिरवतात, ते मला पटत नाही. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड पुढेमागे होतं तेव्हाच हवा आत जाते. तिथे आवळलं की पिल्लू गुदमरतं. निव्वळ पंखावर पट्टी टिकतच नसेल तर अंगाभोवतीचा वेढा डॉक्टरांकडूनच घालून घ्या.

दोन-तीन दिवसांनी पट्टी सोडायची आणि पिल्लाला काही तास पंख झडझडू द्यायचे, नाहीतर सांधाच आखडतो. पंख पुन्हा बाहेर आला तर पुन्हा बांधायची. वेळेत धरलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत पंख जागेवर येतो. तोवर पोहणं बंद, पण डोकं बुडेल एवढं पाणी बादलीत हवंच, डोळे आणि नाक धुवायला त्यांना ते लागतं. आणि कोणी खोबरेल तेलाने मालीश करा म्हणालं तर फक्त मान हलवा, करू नका. तेल लागलं की पिसांत पाणी शिरतं, आणि जूनच्या पावसात बदक भिजून गारठतं.

आता खाण्याकडे या, कारण पट्टी बांधून भांड्यात तेच खाणं ठेवलं तर उरलेल्या पिल्लांचेही पंख वळतील. आपल्याकडे दुकानात पिल्लांचं खाद्य मागितलं की हातात बहुतेक ब्रॉयलर स्टार्टर पडतं. त्यात प्रथिनं २२ टक्क्यांच्या आसपास असतात, आणि ते बनवलेलंच असतं कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोची होऊन विकली जावी म्हणून. बदकाच्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे १८ ते २० टक्के पुरतात, नंतर १५-१६ वर आणायचं. म्हणजे गोणीवर ‘ग्रोअर’ लिहिलेलं घ्यायचं. १६ टक्केवालं द्या म्हटल्यावर काही दुकानदार लेअर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, काढून देतात, ते घेऊ नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम भरपूर घातलेलं असतं, वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही.

पावावर सगळा दोष ढकलायचीही पद्धत आहे. एकटा पाव गुन्हेगार नाही, पण पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उरलेला उंडा पाव, दुपारचा भात, वर ब्रॉयलर खाद्य, असं दिवसभर पोटात जात असेल तर उष्मांक नको तेवढे आणि मँगनीज, ई जीवनसत्त्व नको तेवढं कमी. त्यापेक्षा ग्रोअरमध्ये थोडा गव्हाचा किंवा भाताचा ताजा कोंडा मिसळा, त्यात मँगनीज चांगलं असतं. चिरलेला पाला, गवत, अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक शेवाळासारखं नेचं) रोज द्या. बागेतल्या गोगलगायी ती स्वतःच शोधतात. रात्री बल्ब लावून भांडं भरून ठेवत असाल तर ते थांबवा. एव्हाना पिसं आलेली आहेत, पिल्लांना ऊब नको, आणि उजेड असला की ती रात्रभर खातात. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा उन्हात सोडा. उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं, आणि खोक्यात दाटीने बसलेल्या पिल्लाचे पंख हलत नाहीत.

एक पायांचंही बघा. कोंबडीच्या खाद्यातलं नायासिन (एक ब जीवनसत्त्व) बदकाला कमी पडतं. त्याला खाद्याच्या किलोमागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. ते कमी पडलं तर पाय वाकतात, पंखांशी त्याचा संबंध नाही, पण तुमची सगळीच पिल्लं एकाच गोणीवर वाढलीत. ब्रूअर्स यीस्टची (वाळवलेल्या, निर्जीव यीस्टची) पावडर खाद्यात मिसळली की भागतं. पोदेराकडचं यीस्ट चालणार नाही, ते जिवंत असतं आणि पोटात फसफसतं. पावसात गोणीला कुबट वास आला किंवा मक्याला बुरशी दिसली तर गोणी फेकून द्या. त्या बुरशीच्या विषाने कोंबड्यांच्या आधी बदकाची पिल्लं मरतात.

शेजाऱ्यांच्या छाटण्याबद्दल. आता तर अजिबात नाही, नळ्यांत रक्त आहे, कापलं तर पिल्लू रक्तबंबाळ होईल. पंख सरळ झालाच नाही आणि पुढे टोकाची पिसं कुंपणात अडकायला लागली, तर नळ्या सुकून पांढऱ्या पडल्यावर तेवढी पिसं कातरता येतात, नखं कापल्यासारखं दुखत नाही. हाड कापणं हे डॉक्टरांचं काम, तेही भूल देऊन, पंख घासून जखमा होत असतील तरच. एरवी तुमचं पांढरं जड बदक तसंही उडणारं नव्हतं. वाकडा पंख घेऊन ते वर्षानुवर्षं मजेत राहतं. फक्त कुत्रा किंवा मुंगूस आलं तर पंख झडझडून पळायला त्याला जमत नाही, म्हणून रात्री जाळीचं दार लावलेलं हवं. आणि त्याची अंडी उबवायला ठेवू नका, यात थोडा हात वंशाचाही असतो.