जर्मन विशेषणांचे प्रत्यय कसे ओळखावेत?

प्रश्न : मी नागपूरला जर्मनच्या ए-टू पातळीचा वर्ग करते आहे. विशेषणांच्या प्रत्ययांचे तिन्ही तक्ते पाठ आहेत, तरी लिहिताना -ए लावायचा, -एन की -एर, हे ऐनवेळी सुचत नाही. यामागे काही नियम आहे का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नियम आहे, आणि तो तक्त्यांपेक्षा पुष्कळ लहान आहे. तिन्ही तक्त्यांत मिळून 48 चौकटी असल्या, तरी त्यांत -ए, -एन, -एर, -एस आणि -एम हे पाचच प्रत्यय फिरत असतात. लिंग, वचन आणि विभक्ती यांची खूण उपपदाने, म्हणजे नामाआधी येणाऱ्या ‘देर, दी, दास’ किंवा ‘आइन’ अशा शब्दाने, दाखवली असेल, तर विशेषणावर तो भार पडत नाही. उपपदाने दाखवली नसेल, तर ती विशेषणाला दाखवावी लागते.

‘दास क्लाइने किंट’ म्हणजे ‘ते लहान मूल’. येथे ‘दास’वरूनच नपुंसकलिंग कळते, म्हणून विशेषणाला -ए पुरतो. ‘आइन’ मात्र प्रथमेत पुल्लिंगाला आणि नपुंसकलिंगाला सारखेच असल्यामुळे ‘आइन क्लाइनेस किंट’ असे म्हणावे लागते, आणि ‘दास’मधला शेवटचा स् विशेषणावर येतो. उपपदच नसेल, तेव्हा हे अधिक उघड दिसते : ‘काल्टेस वासर’ म्हणजे थंड पाणी, तर ‘मिट काल्टेम वासर’ म्हणजे थंड पाण्याने, त्यातला म् ‘दास’च्या ‘देम’ या चतुर्थीच्या रूपातला आहे.

‘देर, दी, दास’नंतर एकवचनी प्रथमेत, तसेच स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी द्वितीयेत -ए येतो, बाकी सर्वत्र -एन. मराठी माणसाला हे अवघड वाटू नये. नागपूरच्या महाल भागात जुना वाडा, जुनी गल्ली आणि जुने दुकान असते, पण आपण जातो ते जुन्या वाड्यात, जुन्या गल्लीत आणि जुन्या दुकानात. विभक्तिप्रत्यय लागताच तिन्ही लिंगांचे विशेषण एकरूप होते. जर्मनमधला -एन पुष्कळसा याच जातीचा आहे.

मराठीची सवय एका ठिकाणी मात्र नडते. आपण ‘वाडा जुना आहे, गल्ली जुनी आहे’ असे म्हणतो, परंतु जर्मनमध्ये ‘आहे’बरोबर विधेय म्हणून आलेल्या विशेषणाला कोणताही प्रत्यय लागत नाही : ‘दास किंट इस्ट क्लाइन’.

लिंगाच्या बाबतीतही मराठीवर विसंबू नये. आपले टेबल नपुंसकलिंगी, त्यांचे पुल्लिंगी. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. म्हणून वहीत नुसते ‘टिश’ (टेबल) न लिहिता ‘देर टिश’ असेच उतरवून घ्यावे.