घरच्या ग्रुपवरचं भांडण आणि जर्मनीतले निर्वासित

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी करतो. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझे दीर ‘निर्वासितांनी युरोप बुडवला’ असे व्हिडिओ टाकतात आणि मुलगा त्यांना नाही नाही ते सुनावतो. गणपतीत सगळे एकत्र येणार आहेत. दोघंही मला विचारतात, तू कोणाच्या बाजूची? खरं काय समजायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बाजू घेऊ नका, पण गप्पही बसू नका. मी बर्लिनमध्ये निर्वासितांना जर्मन शिकवते, त्यामुळे हे व्हिडिओ माझ्याही फोनवर येतात.

दिरांना अनास मोदामानीची गोष्ट सांगा. सप्टेंबर 2015 मध्ये या सीरियन तरुणानं बर्लिनला चॅन्सेलर मर्केल यांच्यासोबत सेल्फी काढला. 2016 मध्ये आधी ब्रसेल्सला आणि मग बर्लिनच्या नाताळ बाजारात हल्ले झाले, तेव्हा तोच फोटो ‘हाच तो अतिरेकी’ म्हणून फेसबुकवर फिरला. त्याचा त्या हल्ल्यांशी काडीचाही संबंध नव्हता. अशा पोस्ट फेसबुकनं स्वतः शोधून काढाव्यात म्हणून तो वुर्झबुर्गच्या कोर्टात गेला. मार्च 2017 मध्ये कोर्टानं त्याचा अर्ज फेटाळला. ज्याची बदनामी झाली त्यानंच एकेक पोस्ट शोधत बसायचं! मला याचा आजही संताप येतो.

मुलालाही एक गोष्ट ऐकवा. 2015 च्या थर्टीफर्स्टच्या रात्री कोलोन स्टेशनबाहेर शेकडो बायकांची छेडछाड आणि लुटालूट झाली. सकाळी पोलिसांनी रात्र शांततेत गेल्याचं पत्रक काढलं. संशयितांमध्ये आश्रय मागायला आलेले अनेक जण होते. हे बोलणंसुद्धा द्वेष पसरवणं आहे असं म्हणणाऱ्यांनी त्या बायकांवर दुसऱ्यांदा अन्याय केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या एका वर्षात जर्मनीत सुमारे 8,90,000 लोक आश्रयासाठी आले. एवढ्यांना घरं, शाळा, डॉक्टर कुठून आणायचे, हे विचारणारा माणूस दुष्ट नसतो. गावोगावचे महापौरही तेच विचारत होते. किती जणांना घ्यायचं यावर घरात खुशाल वाद घाला. पण त्या वादात कुणा अनोळखी माणसाच्या फोटोवर गुन्हा चिकटवायचा नाही, एवढं तुम्ही ठणकावून सांगू शकता.

आणि ‘हे लोक फुकट खातात’ याबद्दल. न्युर्नबर्गच्या सरकारी रोजगार संशोधन संस्थेनुसार, 2015 मध्ये आलेल्यांपैकी 64 टक्के लोक 2024 मध्ये कामाला लागलेले होते. तेव्हा संपूर्ण देशाचं प्रमाण 70 टक्के होतं. फरक आहे तो स्त्री-पुरुषांत : आलेल्या पुरुषांपैकी 76 टक्के कामाला, बायका फक्त 35 टक्के. याचं एक कारण मला वर्गात दिसतं. सरकारी अभ्यासक्रमात साधारण 600 तास भाषा शिकायची असते. मुलाला किंडरगार्टनमध्ये जागा मिळाली नाही की आईचा वर्ग सुटतो. नवरा परीक्षा देऊन कामाला लागतो, ती घरीच राहते. चांगल्या शिकलेल्या, हुशार बायका अशा मागे पडताना मी पाहिल्या आहेत. यावर मात्र कुणी व्हिडिओ बनवत नाही.

आता गणपतीचं. दिरांचा व्हिडिओ आला की शांतपणे विचारा : भाऊजी, हा कुठला, कधीचा, आणि यातला माणूस कोण? उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका म्हणावं. मुलाला मात्र ग्रुपवर काही लिहू नका, फोन करा. तो कामाच्या व्हिसावर गेला आहे, आश्रय मागून नाही; पण ट्राममध्ये कोणी व्हिसा बघत नाही, रंग बघतात. त्याला कुणी काही बोललं आहे का, ते विचारा. काकांशी एवढा का भांडतो, ते कदाचित तिथे कळेल.