तेल हाताला लावण्याआधी

मालिश करणाऱ्यांनी आणि करून घेणाऱ्यांनी पाठवलेल्या पत्रांतली सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत.

मी बाळ-बाळंतिणीची मालिश करते. सध्याच्या घरी अकरा दिवसांची मुलगी आहे. आजींचा आग्रह आहे की बाळाच्या छातीतलं दूध पिळून काढायचं, नाकात तेलाचे थेंब सोडायचे आणि डोकं दाबून गोल करायचं. पैसे आजीच देतात. नाही म्हटलं तर काम जाईल. काय करू? — एक मावशी, सांगली

मावशी, यातलं काहीही करू नका. काम गेलं तरी करू नका.

आईच्या शरीरातली संप्रेरकं बाळाकडे आलेली असतात, त्यामुळे नवजात बाळाची छाती सुजल्यासारखी दिसते. मुलगी असो वा मुलगा, कधी दुधासारखे दोन थेंबही येतात. ही सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते. पिळलं की मात्र नाजूक गाठीला इजा होते, जंतू आत शिरतात, गळू होतं आणि कधीकधी ते चिरावं लागतं. नाकात सोडलेलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तिथून ते खोकून बाहेर टाकण्याची ताकद अकरा दिवसांच्या जिवात नसते. त्यातून न्यूमोनिया होतो. डोक्याचं म्हणाल, तर कवटीची हाडं अजून जुळायची असतात. जन्माच्या वेळी लांबट झालेलं डोकं स्वतःहून आकार घेतं. टाळूवर तेलाचं बोट हलकं फिरवायला हरकत नाही, पण ‘टाळू भरायची’ म्हणून दाब देऊ नका. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते आणि तेलाने ती लवकर भरत नाही.

आजींशी वाद घालू नका. त्यांनी स्वतःच्या मुलांचं हे केलेलं असतं, त्यामुळे ‘हे चूक आहे’ म्हटलं की त्यांना ते मनाला लागतं. असं म्हणून बघा: “आजी, अंगाला तेल, हातापायांचे व्यायाम, पोटावरून गोल हात, सगळं करते. छाती आणि नाकाचं तेवढं बाळाच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, मी इथेच थांबते.” फोन समोरच लावायला सांगा. बहुतेक घरांत विषय तिथेच मिटतो.

आणखी एक, जे या कामात फार वेळा विसरलं जातं. पैसे आजी देत असल्या तरी बाळाच्या वतीने होकार देण्याचा हक्क आईबापांचा आहे. पहिल्या दिवशी आईला समोर बसवून तुम्ही काय काय करणार ते सांगा. दूध पाजून निदान अर्धा-पाऊण तास झालेला असावा. नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या. नवं तेल आदल्या दिवशी मांडीवर रुपयाएवढ्या जागेवर लावून बघायचं. नाळ पडेपर्यंत बेंबी कोरडी ठेवायची. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बाळ रडू लागलं, अंग आवळू लागलं, तर ‘रडू दे, छाती मोकळी होते’ म्हणू नका. ते त्याचं ‘नको’ आहे. थांबा, आईकडे द्या.

सिझेरियन होऊन सोळा दिवस झालेल्या बाईची मालिश करते. दोन दिवस तिची डावी पोटरी दुखतेय. “तिथे जरा जोरात चोळा” म्हणते. चोळू का? — मिरज

नाही. हे उत्तर वाचेपर्यंतही थांबू नये, इतकं हे तातडीचं आहे.

बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे रक्त गोठण्याची शक्यता वाढलेली असते, शस्त्रक्रिया झालेली असेल तर आणखी. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली असेल आणि तुम्ही चोळलं, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्यात जीव जातो. एकाच पायात दुखणं, सूज, हाताला गरम लागणं, लालसरपणा, यांपैकी एक जरी असलं तरी त्या पायाला हात लावू नका. टेप असेल तर दोन्ही पोटऱ्या मोजा: गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर शंका बळावते, पण फरक नसला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ दवाखान्यात, १०८ ला फोन करून.

“मला कळत नाही, म्हणून मी करत नाही” हे म्हणायला कमीपणा वाटून घेऊ नका. पोटावरच्या टाक्यांचंही तेच. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय तिथे हात नाही, पट्टा बांधायचा तोही त्यांना विचारूनच.

आम्ही सहा मुली एका स्पामध्ये काम करतो. घरी जाऊनही सेवा देतो. एका ग्राहकाने मालिश चालू असताना ‘वेगळं काही’ मागितलं आणि हात धरला. मी कशीबशी निघाले. मालक म्हणतात, जुना ग्राहक आहे, सांभाळून घे. — पुणे

ताई, सांभाळून घ्यायचं काहीही कारण नाही, आणि यात तुमची तिळभरही चूक नाही.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकाच्या चार भिंतींपुरता नाही. कामानिमित्त तुम्हाला जिथे जावं लागतं ती जागाही त्यात येते, आणि कामावर संबंध येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून तुम्हाला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. तुमच्याकडे सहाच जणी आहेत, म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. मुदत घटनेपासून तीन महिने. हात धरणं हा पोलिसांत नोंदवण्यासारखाही गुन्हा आहे. तक्रार करायची की नाही, हे तुम्ही ठरवा. पण त्या दिवसाची नोंद आजच करा: तारीख, वेळ, पत्ता, तो नेमकं काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, आणि मालक काय म्हणाले तेही.

पुढच्या वेळेसाठी. घरात शिरताना चपला आणि पिशवी दाराजवळ ठेवा, आतल्या खोलीत नको. फोन खिशात. तेलकट बोटांनी फोनचा स्क्रीन उघडत नाही, म्हणून कमरेला कोरडा नॅपकिन खोचलेला असू दे आणि आपत्कालीन कॉलची सोय फोनमध्ये आधीच लावून ठेवा. बोलण्यातून सूचक काही आलं तर दोन्ही हात उचला, एक पाऊल मागे या आणि हसू न आणता सांगा: “मी पाठ, खांदे आणि पायांची मालिश करते. पुन्हा असं बोललात तर मी निघेन.” न हसणं महत्त्वाचं आहे. अवघडून आपण हसतो आणि समोरचा त्याला होकार समजतो. अंगाला हात लावला तर मात्र दुसरी संधी नाही. त्याच क्षणी दार. पैशांसाठी थांबू नका, ते मालकाने वसूल करावेत.

मी पुरुष आहे, पंचकर्म केंद्रात काम करतो. स्त्री रुग्ण आली की हात आखडतो. नियम काय असावा? — नाशिक

केंद्रात स्त्री सहायक असेल तर तिनेच करावं. तुम्हालाच करावं लागणार असेल तर रुग्णाला आधीच विचारा, म्हणजे कपडे बदलण्याआधी. टेबलावर आडवं पडलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणं जड जातं. तिसरी व्यक्ती खोलीत हवी असेल तर ती असेल, हेही तेव्हाच सांगा.

बाकी सगळं चादरीवर आहे. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा. पाय असेल तर चादर मांडीखाली खोचायची, म्हणजे सरकत नाही. कूस बदलायच्या वेळी आपल्या बाजूची कड मांडीने टेबलाला दाबून धरा, पलीकडची कड वर उचला. चादर पडद्यासारखी मध्ये येते आणि तिला काही न दिसता वळता येतं. नवीन भागाकडे जाताना नाव घेऊन सांगा: “आता कंबर.” दाब विचारा. छाती, जांघ, नितंब यांबद्दल ‘चालेल ना’ एवढं पुरत नाही. का करायचं, किती वेळ करायचं ते सांगून स्पष्ट ‘हो’ घ्या, आणि ते मधेच मागे घेतलं तर कारण विचारू नका. अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर पालक खोलीतच बसलेले हवेत.

चार सोसायट्यांमध्ये माझी कामं आहेत. बायका एकमेकींचं विचारतात. आणि एकीच्या पाठीवर वळ दिसले. — ठाणे

विचारणाऱ्यांना एकच उत्तर: “इकडचं तिकडे करत नाही, तुमचंही करत नाही.” कुणाला दिवस राहिलेत, कुणाची गोळी चालू आहे, हे तुम्हाला कामासाठी कळलेलं असतं. वहीत लिहिता तेही कपाटात, व्हॉट्सॲपवर नाही.

वळांचं निराळं आहे. घरात कुणी नसताना, मालिश संपल्यावर, चादर नीट पांघरून दिल्यावर विचारा: “ताई, हे कशाने झालं?” ‘पडले’ म्हणाली तर खोदू नका. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक तोंडी सांगा, चिठ्ठी देऊ नका, ती घरात सापडते. नवऱ्याला किंवा सासूला जाब विचारायला तर मुळीच जाऊ नका. तुम्ही घरी जाता, ती तिथेच राहते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मात्र गुप्तता संपते. पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

मालकांनी फलक लावलाय: ‘एकवीस बैठकांत मधुमेह आणि लठ्ठपणा मुळापासून बरा.’ रुग्ण मला विचारतात, खरंच का? शिवाय बारशाला मिळालेली साडी घ्यावी का? — कोल्हापूर

खरं नाही, आणि तसं म्हणू नका. ठरावीक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत. तेल विकण्यासाठी असा दावा केला तर तोही यात येतो. रुग्णाला सांगा: “मालिशने स्नायू सैल होतात, झोप चांगली लागते. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.” मधुमेही माणसाच्या तळपायांना संवेदना कमी असू शकते. गरम तेल त्याला कळणार नाही, म्हणून आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, आणि बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का ते पाहूनच हात लावा. ताप असेल, अजीर्ण असेल तर त्या दिवशी मालिश नाही. आयुर्वेदातही अभ्यंग तेव्हा वर्ज्यच सांगितला आहे. बैठक बुडाली म्हणून मालक कुरकुरले तरी.

साडी जरूर घ्या. बारशाला चारचौघांत, ओटी भरून दिलेला तो मान आहे. त्याच घरातून उसने पैसे मात्र घेऊ नका. पैसे अडकले की नको त्या वेळी बोलावलं तरी जावं लागतं, आणि “आज अंगात कणकण आहे, मालिश नको” हे त्यांना सांगताना जीभ अडखळते.