कित्तूरच्या राणी चन्नम्माची समाधी नेमकी कुठंय, किल्ल्यात की गावात?

दोन्हीकडं नाही ओ, समाधी बैलहोंगलला (बेळगाव जिल्ह्यातच, कर्नाटकात) आहे, ऐन गावात. 1824 च्या लढाईनंतर इंग्रजांनी राणीला पकडून बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं आणि तिथंच 1829 च्या फेब्रुवारीत ती वारली, त्यामुळं कित्तूरचा किल्ला कितीही फिरलात तरी समाधी काय दिसायची नाही. लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात, म्हणून खरोखरची समाधी आहे, नुसतं स्मारक नव्हे. मी खानापूर तालुक्यातला, शाळेच्या ट्रिपा ठरलेल्या असायच्या, त्यातनं हे पाठ झालंय.

तिकडं निघालाच आहात तर

- संगोळ्ळी रायण्णा, राणीचा सेनानी : त्याची समाधी आमच्या नंदगडला. 1831 साली इंग्रजांनी फाशी दिली, समाधीवरचा वड त्याच्या साथीदारानं लावला असं लोक सांगतात (हे ऐकीव हां, कागद कुठला दाखवणार).
- थॅकरे, लढाईत पडलेला धारवाडचा कलेक्टर : त्याचं स्मारक धारवाडला.

फक्त एक, नंदगड बैलहोंगलच्या रस्त्यावर नाही, खानापूरच्या बाजूला आहे, एका दिवसात तिन्ही करायला गेलात तर नुसती पळापळ होते, स्वतःची गाडी असली तरच बघा.